परीक्षेच्या धास्तीवर आठ शनिवार : टिळकवाडीतील एका समुपदेशन वर्गाचा अनुभव

डिसेंबरअखेर शाळेने घेतलेल्या पहिल्या पूर्वतयारी परीक्षेत माझ्या नातीला गणितात ८० पैकी २३ गुण मिळाले. आदल्या रात्री जेवताना तिने ताटातल्या भाकरीवर बोटाने रेघ ओढून मला थेल्सच्या प्रमेयाची सिद्धता पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत सांगितली होती. उत्तरपत्रिकेत मात्र त्याच प्रमेयाच्या जागी एक अर्धवट त्रिकोण आणि त्याखाली खोडलेल्या चार ओळी होत्या. मी ३१ वर्षे मराठी शाळेत गणित शिकवले आहे. ज्याला येत नाही अशा मुलाची आणि ज्याला येत असूनही लिहिता आले नाही अशा मुलाची उत्तरपत्रिका वेगळी दिसते, एवढे मला नक्की कळते. विचारल्यावर ती म्हणाली, "येतंय की आजोबा मला. पण तिथं बसलं की सगळं कोरं होतंय."

तिची आई, म्हणजे माझी लेक, खानापूर तालुक्यात राहते. दहावीच्या वर्षासाठी नात माझ्याकडे बेळगावात अनगोळला आहे, त्यामुळे पुढचा निर्णय मलाच घ्यावा लागला. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ एका माडीवर दोन समुपदेशक महिला परीक्षेच्या भीतीवर आठ बैठकांचा वर्ग घेतात, असे एका जुन्या सहकाऱ्याकडून समजले. फी ३,२०० रुपये, दर शनिवारी दुपारी दोन तास आणि एका तुकडीत नऊ मुले. केंद्राचे नाव येथे मुद्दाम देत नाही. पुढे काही दोषही लिहिले आहेत, आणि दोन खोल्यांत चालणाऱ्या लहानशा उपक्रमाच्या नावाला ते कायमचे चिकटवून ठेवणे मला योग्य वाटत नाही. शिवाय असे वर्ग आता शहरात जागोजागी निघाले आहेत. त्यांतला कोणताही पारखताना काय पाहावे, हे सांगितले तरी या लेखाचे काम होईल.

पहिल्या बैठकीत मुलांकडून वीस विधानांची प्रश्नावली भरून घेतली. 'परीक्षेत माझे हृदय जोरात धडधडते', 'पेपर लिहिताना नापास होण्याचे विचार मनात येत राहतात' अशा धर्तीची ती विधाने होती, आणि प्रत्येकापुढे 'जवळजवळ कधीच नाही'पासून 'जवळजवळ नेहमी'पर्यंत चार पर्याय होते. अशा प्रश्नावल्यांचा मूळ नमुना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्पीलबर्गर यांनी १९८० साली तयार केला. त्यामागचा विचार त्याहून जुना आहे. परीक्षेची भीती ही एकसंध गोष्ट नसून तिचे दोन घटक असतात, असे लीबर्ट आणि मॉरिस यांनी १९६७ साली मांडले : एक मनात फिरत राहणारी काळजी आणि दुसरा शरीराचा क्षोभ. समुपदेशक बाईंनी हे समजावून सांगितले तेव्हा मला वाटले की आपल्या भाषेने हा भेद केव्हाच करून ठेवला आहे. धास्ती आपण मनाने घेतो, धडकी छातीत भरते. आणि गुणांवर जास्त परिणाम होतो तो धडकीचा नसून धास्तीचा होतो, असे या विषयावरील संशोधनात वारंवार दिसून आले आहे. हात थरथरत असतानाही पेपर लिहिता येतो. पण 'नापास झाले तर' हे वाक्य डोक्यात घोळत असताना लिहिणे कठीण जाते.

वर्गाचा पहिला दोष मात्र तेथेच उघडा पडला. ती प्रश्नावली इंग्रजीत होती. नऊपैकी सहा मुले मराठी माध्यमाची होती आणि परीक्षेच्या भीतीवर उपाय शोधायला आलेल्या त्या मुलांपुढे पहिल्याच दिवशी एक अनोळखी भाषेतला कागद ठेवला गेला. माझी नात शेजारच्या मुलीच्या कागदावर हळूच नजर टाकत होती. बाईंनी प्रत्येक विधान मराठीत सांगितले हे खरे, पण तोंडी सांगितलेले वाक्य मुलांनी चारचौघांत ऐकून उत्तर देणे वेगळे आणि स्वतः मनाशी वाचून उत्तर देणे वेगळे. बेळगावात बसून हे काम करणाऱ्यांकडे मराठी आणि कन्नड असे दोन्ही कागद तयार असायला हवेत.

दुसऱ्या बैठकीत परीक्षेत 'कोरं' का होते याचे स्पष्टीकरण होते आणि ते मला फार आवडले. हातातले काम करताना लागणारी माहिती आपण ज्या स्मृतीत तात्पुरती धरून ठेवतो, तिची जागा अगदी मर्यादित असते. बाईंनी एका मुलाच्या हातात पाटी दिली, तिच्या अर्ध्या भागावर 'घरी काय सांगू', 'बाकीच्यांचे लिहून झाले', 'वेळ संपत आला' असे लिहायला लावले आणि उरलेल्या अर्ध्या पाटीवर भागाकाराचे एक लांबलचक उदाहरण सोडवायला सांगितले. उदाहरण अर्थातच पाटीत मावले नाही. आलेले ज्ञान कुठे गेलेले नसते, फक्त ते मांडायला जागा उरलेली नसते, हे त्या नऊ मुलांना दहा मिनिटांत जेवढे समजले, तेवढे मी तीस वर्षांत कोणाला समजावू शकलो नव्हतो. मी परीक्षेच्या दिवशी वर्गात जाऊन 'घाबरू नका' एवढेच म्हणत असे.

त्याच बैठकीत यर्क्स आणि डॉडसन यांचा १९०८ सालचा नियम सांगण्यात आला : ताण अगदीच नसला तरी काम नीट होत नाही, फार वाढला तरी होत नाही, मध्यावर असतो तेव्हा उत्तम होते. मुलांना धीर देण्यासाठी हे ठीक आहे. पण तो प्रयोग उंदरांवर होता आणि त्यांना विजेचे झटके देऊन योग्य खोका ओळखायला शिकवले जात होते, हे सांगायचे राहिले. दहावीच्या मुलांची तुलना या उंदरांशी करताना थोडे जपून बोलावे, असे माझे मत आहे. अर्थात काही शाळांची सराव परीक्षा पाहिली की तुलना अगदीच अनाठायी वाटत नाही.

तिसरा शनिवार श्वासाचा आणि स्नायू सैल सोडण्याचा. चार मोजेपर्यंत श्वास आत घ्यायचा आणि सहा मोजेपर्यंत सावकाश बाहेर सोडायचा. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती थोडी उतरते, एवढीच त्यामागची गोष्ट. पायांपासून खांद्यापर्यंत एकेक स्नायू आधी आवळून मग सैल सोडण्याची रीत जेकबसन यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ केली. या रीतीने नातीला झोप येऊ लागली, तर श्वासाचा मात्र खरोखर उपयोग झाला. खटकले ते एवढेच की हा सगळा अभ्यास मोबाईलवर बासरी लावून करून घेतला गेला. परीक्षागृहात बासरी वाजत नाही. तिथे पंख्याची घरघर असते आणि पर्यवेक्षकाच्या चपलांचा आवाज असतो. मी हे बाईंना सांगितले तेव्हा त्या हसल्या, पण पुढच्या शनिवारी बासरी नव्हती.

चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या बैठकीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते ३,२०० रुपयांतले निदान २,५०० याच तीन शनिवारांचे होते.

भीती ज्या गोष्टीची वाटते तिच्यापासून दूर ठेवल्याने भीती वाढते आणि थोड्या थोड्या प्रमाणात तिच्यासमोर नेल्याने ती ओसरते, या तत्त्वावर वोल्पे यांनी १९५८ मध्ये एक उपचारपद्धती मांडली. केंद्राने ते तत्त्व परीक्षेला लावले. पहिल्या दिवशी २० मिनिटांचा पेपर, दुसऱ्या दिवशी एक तासाचा आणि तिसऱ्या दिवशी वेळ वाढवून पूर्ण सव्वातीन तासांचा. बाके दूर दूर मांडलेली होती, हॉल तिकिटासारखे कार्ड होते, हजेरीपत्रकावर सही होती आणि पर्यवेक्षक म्हणून मुलांनी कधी न पाहिलेले एक गृहस्थ बोलावले होते, जे मुद्दाम एकेका मुलाच्या मागे येऊन उभे राहत. २०२४ पासून कर्नाटकात एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या बोर्डाच्या, परीक्षागृहांत वेबकास्टिंगचे कॅमेरे लागले आहेत, आणि या कॅमेऱ्याची धास्ती मुलांनी कॉपीपेक्षाही जास्त घेतली आहे. नात तर मान खाजवली तरी कोणी पाहील म्हणून ताठ बसून लिहिते. म्हणून सरावाच्या खोलीतही एका स्टँडवर मोबाईल लावून ठेवला होता. पहिल्या दिवशी तिचे निम्मे लक्ष त्या मोबाईलकडे होते. तिसऱ्या दिवशी त्याची बॅटरी संपून तो बंद पडला, तेही तिच्या लक्षात आले नाही.

या सरावात केवळ पेपर सोडवून घेतले नाहीत, अडण्याचाही सराव करून घेतला, हे या वर्गाचे वेगळेपण. पेपरात मुद्दाम दोन प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचे घातले होते, म्हणजे प्रत्येकाला अडायचेच. अडले की पेन खाली ठेवायचे, दोन्ही पावले जमिनीला टेकवायची, तीन लांब उच्छ्वास सोडायचे, त्या प्रश्नातले जे काही आठवते ते कच्च्या कामाच्या जागी दोन शब्दांत टिपायचे आणि पुढच्या प्रश्नावर जायचे. हे सगळे मिळून एक मिनिटही लागत नाही. पण हे मिनिट आधी पाच-सहा वेळा जगून झालेले असले, तर प्रत्यक्ष परीक्षेत ते आले तरी मूल त्याला ओळखते. प्रश्नपत्रिका वाचायला मिळणाऱ्या पहिल्या १५ मिनिटांचाही असाच उपयोग शिकवला : सहज येणाऱ्या प्रश्नांवर एक टिंब, विचार करावा लागेल अशांवर दोन, आणि न येणाऱ्यांकडे त्या वेळी पाहायचेच नाही. नात आधी पहिल्या मिनिटालाच सर्वांत अवघड प्रश्न शोधून त्याच्यावर डोळे लावून बसत असे.

अभ्यासाच्या पद्धतीवरही याच काळात बोलणे झाले, आणि ते ऐकताना मलाच ओशाळल्यासारखे झाले. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ सालच्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला आणि काहींनी एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. म्हणजे रात्री सहा वेळा मोठ्याने वाचलेला धडा सकाळी येतो असे वाटते, आणि वाटते म्हणूनच परीक्षागृहात तो न आल्याचा धक्का मोठा बसतो. 'पाठ कर, पुन्हा वाच' हे मी किती मुलांना सांगितले असेन, त्याचा हिशेब नाही.

सातव्या बैठकीत मुलांना पेपर सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे मनातली काळजी कागदावर लिहून काढायला सांगितली. रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये असे लिहिल्याने धास्ती घेणाऱ्या मुलांचे गुण वाढल्याचे दाखवले होते, आणि बाईंनी तो निष्कर्ष अगदी पक्का म्हणून सांगितला. तो तितका पक्का नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पुनर्तपासणीत हा परिणाम पुन्हा दिसून आला नव्हता. मुलांना हे सांगण्याची गरज नसेलही, पण पालकांना सांगायला हवे होते. मात्र त्या कागदामुळे एक वेगळीच गोष्ट हाती आली. नातीने मला त्यातले एकच वाक्य दाखवले : 'दहावी झाल्यावर सगळंच इंग्रजीत असणार.'

गणिताच्या पेपरामागे ही भीती दडलेली असेल असे माझ्या मनातही आले नव्हते. आपल्या भागातील मराठी माध्यमाची मुले दहावीपर्यंत 'समद्विभुज' आणि 'प्रकाशसंश्लेषण' म्हणत शिकतात, मराठीचा पेपर देतात, कन्नडचाही पेपर देतात आणि विज्ञान शाखा घेतली की जून महिन्यात एकाएकी पीयूसीच्या, म्हणजे अकरावीच्या, वर्गात सगळे विषय इंग्रजीत ऐकू लागतात. त्यामुळे दहावीची परीक्षा त्यांना एका टप्प्याचा शेवट न वाटता पुढच्या न कळणाऱ्या वर्गाचा दरवाजा वाटते. या भीतीवर केंद्राकडे काहीच नव्हते. 'ते नंतर पाहू' एवढे उत्तर मिळाले. श्वास मोजून ही भीती जाणार नाही. तिच्यासाठी उन्हाळ्यात दोन भाषांतली पारिभाषिक शब्दांची वही करून घेणारा कोणीतरी लागतो. ते काम आता मीच सुरू केले आहे.

आठवी बैठक पालकांची होती आणि ती सर्वांत कच्ची निघाली. वेळ एक तास. लेक खानापूरहून बसने येईपर्यंत त्यातला अर्धा संपला होता. पेपर सुटल्यावर फाटकातच उत्तरे पडताळून पाहू नयेत, परीक्षेच्या आदल्या रात्री झोप कमी करू नये, आणि एसएसएलसीला आता वर्षात एकाहून अधिक परीक्षा असून त्यांतले चांगले गुण राखता येतात हे मुलाला धमकीसारखे न सांगता आधारासारखे सांगावे, हे तीन मुद्दे योग्य होते. पण पालकांनी विचारलेले प्रश्न सगळे टक्क्यांचे होते आणि बाईंनी त्यांना टक्क्यांचीच उत्तरे दिली. मुलांवर सात शनिवार काम करायचे आणि ज्या घरात ती उरलेले सहा दिवस राहतात त्या घरासाठी एकच तास ठेवायचा, हे प्रमाण चुकलेले आहे. ही बैठक पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा शेवटी, अशी दोनदा व्हावी.

एका गोष्टीसाठी मात्र केंद्राला पूर्ण गुण द्यावे लागतील. तुकडीतला एक मुलगा कित्येक आठवडे नीट झोपत नव्हता आणि जेवतही नव्हता. बाईंनी दुसऱ्याच बैठकीनंतर त्याच्या वडिलांना बोलावून हे आपल्या वर्गाचे काम नाही असे स्पष्ट सांगितले, मुलाला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला लावले आणि फी परत केली. धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे हेही त्यांनीच सांगितले. ज्यांना फी परवडत नाही किंवा खेड्यातून येणे जमत नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेलिमानस ही विनामूल्य सेवा आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, बंगळूरची निम्हान्स ही तिची शिखर संस्था आहे आणि १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फोन करता येतो. त्याने पेपरांचा सराव होणार नाही, पण रात्री अकरा वाजता रडणाऱ्या मुलाशी कोणी जाणते माणूस बोलेल.

आपल्याकडे हिवाळ्यात गावोगावी दहावीच्या मुलांसाठी व्याख्यानमाला भरतात आणि त्या अनेक पिढ्यांना उपयोगी पडल्या आहेत. मीही त्यांत शिकवले आहे. पण तिथे विषय शिकवला जातो, शेवटची पाच मिनिटे धीर देण्यासाठी असतात. अशा एखाद्या व्याख्यानमालेने एक दिवस व्याख्यान बंद ठेवून, दूर दूर बाके मांडून, अडण्याचा सराव घेतला तर तो विनामूल्य होईल आणि सव्वादोनशे मुलांना मिळेल. आयोजकांपैकी दोघांशी मी बोललो आहे.

निकालाबद्दल विचारणारे विचारतातच. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या पूर्वतयारी परीक्षेत नातीला गणितात ४१ गुण मिळाले आणि मार्चच्या परीक्षेत ५८. कन्नडमध्ये काहीच फरक पडला नाही, कारण तिथे भीतीपेक्षा अभ्यासच कमी होता. गणिताच्या पेपरात ती एका शाब्दिक उदाहरणापाशी अडली, पेन खाली ठेवले, पुढे गेली आणि शेवटच्या वीस मिनिटांत परत येऊन त्यातल्या दोन पायऱ्या लिहिल्या. उत्तर चुकले, पायऱ्यांचे गुण मिळाले असावेत. ज्या मुलाला विषय येतो पण पेपरात लिहिता येत नाही, त्याला या वर्गाला जरूर पाठवावे, मात्र जानेवारीत नव्हे तर दिवाळीनंतर लगेच. ज्याचा अभ्यासच झालेला नाही त्याच्या पालकांनी हे पैसे शिकवणीला द्यावेत.

प्रश्नावलीच्या मराठी अनुवादाचे काम बाईंनी माझ्याकडेच सोपवले आहे. वीसपैकी चौदा विधाने झाली. पंधराव्यात 'नर्व्हस' हा शब्द आहे आणि तिथे मी चार दिवस अडलो होतो. धास्तावलेला, बावरलेला, अस्वस्थ, एकही शब्द नीट बसेना. शेवटी नातीला विचारले. ती मोबाईलवरून मान वर न करता म्हणाली, "पोटात गोळा येतो म्हणून लिहा की आजोबा."